पाण्याचा पीएच नव्हे, मातीचा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या बागकामाच्या पुरवणीत सेंद्रिय झाडांना रोज लिंबू पिळून पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ६.५ केलेलं पाणी घाला असा सल्ला आलाय, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण आता खूप जण मीटर घेऊन रोज त्याच आकड्याच्या मागे लागतील.

पाण्याचा पीएच ८ आला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. खरा प्रश्न त्या पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारून टाकणारा विरघळलेला क्षार, किती आहे हा. एका बादलीत ते अगदी कमी असेल तर लिंबाचे चार थेंब टाकले की आकडा धाडकन खाली येतो, आणि दुसऱ्या बादलीचा पीएचही ८ च, पण पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, तर तिथे अख्खं लिंबू पिळलं तरी काटा जेमतेम हलतो. माती बिघडवते ती ही दुसरी बादली, आणि नुसत्या पीएच मीटरवर दोघींमधला फरक कळतच नाही! त्यासाठी अल्कलिनिटीची, म्हणजे पाणी किती आम्ल पचवू शकतं याची, टेस्ट करावी लागते. लिटरला १५० मिलिग्रॅमच्या बरंच वर असेल तर कुंडीतल्या झाडांसाठी नक्की विचार करा.

आता लिंबू किंवा सायट्रिक अॅसिडचं बघा. ते सेंद्रिय आहे हे खरंच, पण मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात आणि त्यातून परत बायकार्बोनेटच तयार होतं, म्हणजे आज खाली आणलेला पीएच थोड्या दिवसांत पुन्हा वर. त्यापेक्षा पावसाचं पाणी साठवून नेहमीच्या पाण्यात मिसळा, क्षार सरळ कमी होतात. आणि कंपोस्ट भरपूर असलेली माती पीएचचे छोटे चढउतार स्वतःच झेलते, मुळांना जाणवूही देत नाही.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर आधी मातीचा पीएच तपासा, तो चढला की लोह असूनही झाडाला मिळत नाही. अशा वेळी थोडं गंधक मातीत मिसळता येतं, मात्र जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून घाईने पुन्हा पुन्हा टाकू नका. ब्लूबेरीसारख्या ४.५ ते ५.५ पीएच लागणाऱ्या झाडांचं गणित वेगळंच असतं, त्यांच्यासाठी पाण्याकडे लक्ष द्यावंच लागेल.

पुढच्या अंकात अल्कलिनिटीची टेस्ट घरी कशी करायची हे छापाल का? लोकांना त्याची खरी गरज आहे.

आपला,
एक वाचक