त्या नात्याला क्रेडिट देऊ नकोस

मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की "जाऊ दे रे, त्या नात्याने तुला घडवलं तरी", आणि मी हो हो करून विषय बदलला. मला अजून तोंडावर पटकन बोलता येत नाही, समोरच्याला जे ऐकायचंय तेच आधी बाहेर पडतं, म्हणून लिहितोय. लांबेल, सवडीने वाच.

तर नाही, घडवलं वगैरे काही नाही. जे काही चांगलं झालंय ते बाहेर पडल्यावर झालंय आणि त्यासाठी मी घाम गाळलाय, त्याचं क्रेडिट तिच्याबरोबरच्या त्या वर्षांना द्यायची माझी अजिबात तयारी नाही.

तुम्ही सगळे तेव्हा मला तिच्या ताटाखालचं मांजर म्हणायचात आणि मीही तुमच्यात हसायचो. राग नाहीये, खरंच. पुरुषाच्या बाबतीत असं काही चालू असेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही, माझ्याही आलं नव्हतं, कारण मारहाण नव्हती ना. होतं ते असं की ती घरात आल्यावर किल्ल्या कशा ठेवते यावरून मला संध्याकाळ कशी जाणार ते कळायचं. नेहमीसारख्या टाकल्या तर ठीक. आपटल्या तरी एकवेळ परवडलं, भांडण होऊन मोकळं. पण आवाज न करता अलगद ठेवल्या की माझ्या पोटात गोळा, कारण मग अबोला, किती दिवस ते तिच्यावर, आणि कारण मी ओळखायचं. ओळखलं नाही तर "तुला कळतसुद्धा नाही", ओळखलं तर "मग केलंस कशाला". तुला साधा "येतो" असा मेसेज टाकायचा तरी आधी लिहायचो, खोडायचो, तिला विचारायचो, मग "जमणार नाही यार" पाठवायचो.

इव्हान स्टार्क नावाच्या एका अभ्यासकाने 2007 मध्ये यावर सविस्तर लिहिलंय, की एकेक भांडण सुटं सुटं मोजू नका, कोणाला भेटायचं, पैसे कुठे खर्चायचे, कधी झोपायचं असं माणसाचं सगळं जगणंच हळूहळू ताब्यात घेतलं जातं ते बघा. त्याने ते मुख्यतः बायकांबद्दल लिहिलंय आणि त्यांच्यावर ही वेळ जास्त येते हे खरंच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने तर एक बोटही न लावता असं वागणं गुन्हा ठरवलंय. हे वाचून मला आनंद वगैरे नाही झाला, नुसता हातातला फोन बाजूला ठेवून बसून राहिलो.

मग सोडलं का नाहीस, हे तू कधी विचारलं नाहीस पण मनात आलंच असेल. कारण ती वाईट नव्हती रे, म्हणजे रोज नव्हती. मधेच एखादा आठवडा असा यायचा की मला वाटायचं हीच खरी ती, बाकीचं सगळं माझ्यामुळे. स्किनर आणि फर्स्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांबद्दल लिहिलं होतं, की दाणा दरवेळी मिळाला तर तो बंद झाल्यावर कबुतर लवकर टोचणं सोडतं, पण कधी मिळेल याचा नेमच नसेल तर दाणा थांबला तरी कितीतरी वेळ टोचतच राहतं. आणि 1981 मध्ये डटन आणि पेंटर या अभ्यासकांनी माणसांच्या नात्याबद्दल तेच मांडलं, एकाच्या हातात सगळी सत्ता आणि वागणूक कधी गोड कधी क्रूर, की बंध सैल व्हायच्या ऐवजी घट्टच होतो. माझ्या कौन्सेलरने हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी मूर्ख नव्हतो. ही एक गोष्ट कळायलाच एवढी वर्षं जायला हवी होती का, तर नाही.

बाहेर पडल्यावर काय झालं ते ऐक. नवीन खोलीसाठी चादर घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं कुठला रंग, आणि मला सांगताच येईना. लाजून नाही, खरंच माहीत नव्हतं मला काय आवडतं. डोक्यात तिला कुठला चालेल याचा हिशोब लगेच सुरू झाला आणि ती तर या चादरीवर कधी बसणारसुद्धा नव्हती! शेवटी काही न घेता परत आलो. हसू नकोस, नंतर मी मुद्दाम अगदी फालतू गोष्टींत स्वतःला विचारायला लागलो, खिडकी उघडी हवी की बंद, आज बोलायचंय की गप्प बसायचंय. "काहीही चालेल" हे उत्तर स्वतःला द्यायचं नाही एवढा एकच नियम. सुरुवातीला चिडचिड व्हायची, कारण उत्तरच नसायचं.

लेवंडोव्स्की आणि बिझोको यांचा 2007 चा एक अभ्यास आहे, ज्या नात्यात माणसाच्या वाढीला वावच नव्हता ते संपल्यावर लोकांना नुसतं दुःख होत नाही, आपणच आपल्याला परत सापडतोय असंही वाटतं. माझं तसंच झालं, फक्त फार सावकाश आणि मधे बरेच खड्डे. लिहायचोही. पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा 1986 चा प्रयोग होता, रोज पंधरा मिनिटं असं चार दिवस मनातलं जड काहीतरी लिहून काढायचं. ज्यांनी तसं लिहिलं त्यांना लगेच उलट जास्त उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. माझा उदास वाटायचा भाग तर एकदम शंभर टक्के खरा ठरला.

सगळ्यात उशिरा काय आलं माहितीये? राग. आधी दुःख, मग तिची आठवण (हो, आठवण यायची, नंबर ब्लॉक करून परत काढलाय मी), आणि सगळं बरं चाललंय असं वाटत असताना एकदम राग. लोक म्हणायचे आता माफ कर, पुढे जा. मला वाटतं तो राग हीच माझी तब्येत सुधारल्याची पहिली खूण होती, कारण त्याआधी मी स्वतःच्या बाजूने कधी चिडलोच नव्हतो.

आणि ऑफिसमधला एक प्रसंग. एका सहकाऱ्याला मी कामासाठी नाही म्हटलं, तो "बरं, बघतो दुसरं कोणी" म्हणून गेला. झालं एवढंच. पण मी दोन दिवस वाट बघत होतो, आता हा बोलायचा बंद होईल, टोमणा मारेल, काहीतरी वसूल करेल. तो मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा येऊन स्वतःच्या गाडीचं रडगाणं सांगत बसला. "नाही" ला शिक्षा नसते हे मला तेव्हा कळलं, या वयात. याला तू ग्रोथ म्हण हवं तर.

टेडेस्की आणि कॅलहून या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये अशी वाढ मोजायला एकवीस प्रश्नांची एक प्रश्नावली केली. ते स्पष्ट सांगतात की वाढ आघातामुळे होत नाही, त्यानंतर माणूस जी झुंज देतो त्यातून होते, सगळ्यांची होतेच असं नाही, आणि झाली तरी दुःख संपतं असंही नाही. माझं म्हणणं याहून वेगळं काही नाही बघ.

आता तुझ्या बहिणीचं. तू तो विषय सहज काढल्यासारखा काढलास पण मला कळलं, फोन खरं तर त्याचसाठी होता. तिला "यातून तू खंबीर होशील" असलं काही म्हणू नकोस, तिला ते अजून थोडं सहन कर असंच ऐकू येईल. तिच्या नवऱ्याला शिव्याही देऊ नकोस, ती त्याची बाजू घेत बसेल आणि तुझ्याशी बोलणं कमी होईल, माझं तेच झालं होतं. फक्त फोन करत राहा, ती तुटक बोलली तरी. आणि तो मारतो किंवा धमक्या देतो असं जराही वाटलं तर "ऊठ, बॅग भर" अशी घाई करू नकोस, सोडून निघायचा काळच सगळ्यात धोक्याचा असतो, कुठे राहायचं, कागदपत्रं, थोडे पैसे, कोणाला सांगायचं हे सगळं आधी जाणकार माणसाबरोबर बसून ठरवावं लागतं, आणि मेसेजवर तर नाहीच, तो तिचा फोन बघत असेल.

माझा नंबर तिला दे, पण तोंडी दे. तिने फोन केलाच तर काय बोलली ते मी तुला सांगणार नाही, विचारलंस तरी नाही. तेवढं चालवून घे.

तुझाच