घर एक, सह्या सात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटकांना घरगुती खोल्या देण्याच्या परवानगीची बातमी कालच्या अंकात वाचली. 'नियम झाले सुलभ' हे शीर्षक ज्यांनी दिलं, त्यांनी एकदा देवबागला यावं. राहणं-जेवण माझ्याकडे फुकट. तसेही पैसे घ्यायला माझ्याकडे परवाना कुठे आहे!

आमचं घर आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं. घरपट्टी मी भरतो, तौक्ते वादळात उडालेली कौलं मीच बसवली. पण उताऱ्यावर नावं सात. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या तर बाकीच्या सहा सहहिस्सेदारांची संमती आणा, असं कचेरीत सांगितलं. पाच जणांनी दिली. सहावा चुलतभाऊ डोंबिवलीला. २०१९च्या गणपतीत माजघरातल्या पितळी हंड्यावरून आमचं बिनसलंय. फोन केला तर म्हणाला, "आधी हंडा." एसटी पार्सलने हंडा पाठवला, तळाला पोचा पडू नये म्हणून गोणपाटात बांधून. पोचल्यावर त्याचा फोन, "झाकण कुठे आहे?" झाकणही धाडलं. आता विचारतो, "भाड्यात माझा हिस्सा किती?"

न्याहारी-निवास योजनेत मालकाने त्याच घरात राहायला हवं. अट चांगली आहे, मी जन्मापासून पाळतोय. पलीकडच्या बंगल्याचा मालक मात्र मी अजून पाहिलेला नाही. कुलपाचा नंबर पाहुण्यांच्या मोबाईलवर येतो आणि रात्री दोन वाजता ते माझ्या खळ्यात गाडी वळवतात. परवा तुळशीवृंदावनाचा कोपरा गेला. तिथे म्हणे कागदपत्रं पूर्ण आहेत. असणारच, उताऱ्यावर नाव एकच!

परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, हे मला पाठ आहे. किनाऱ्यालगत राहत्या घराचं जोतं नि दर्शनी रूप न बदलता पाहुणे ठेवता येतात, हेही ठाऊक आहे. बदलायला पैसे आहेत कुणाकडे? सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला, तेव्हा माझे केस काळे होते.

जाता जाता, बातमीसोबत 'कोकणातील टुमदार घर' म्हणून छापलेल्या फोटोत मागे चहाचे मळे दिसतात. आमच्याकडे चहा टपरीवर मिळतो. दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वर्गणीदार
देवबाग, ता. मालवण