इमारतीला परवानगी, पाण्याला हमीपत्र : नगरविकासमंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि पाहता पाहता संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. त्यांपैकी अनेक जण नांदेड, किरकटवाडी, धायरी अशा महापालिकेत अलीकडे समाविष्ट झालेल्या गावांतले होते. काहींचा जीव गेला. काहींना कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर काढावे लागले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला, तेव्हा या गावांना पाणी येते कुठून याची चौकशी सुरू झाली. खडकवासला धरणाचे पाणी नांदेडच्या विहिरीत येत होते आणि तेथून, कोणत्याही शुद्धीकरण केंद्रातून न जाता, केवळ क्लोरिन मिसळून घरोघरी पोचत होते. धरण उशाला आणि कोरड घशाला, असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर उशाचे पाणी घशाखाली उतरवण्याचीच भीती वाटू लागली.

साथ ओसरली, पण ती ज्या कारभारातून उद्भवली त्याविषयी आपल्याला लिहिणे आवश्यक वाटते. 2017 मध्ये 11 आणि 30 जून 2021 रोजी आणखी 23 गावे राज्य शासनाने पुणे महापालिकेत घेतली. या 23 गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून मात्र शासनाने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणालाच (पीएमआरडीए) कायम ठेवले. म्हणजे बांधकामाला परवानगी देणार आणि त्याचे शुल्क घेणार एक संस्था, आणि तेथे राहायला आलेल्या माणसांना पाणी, गटार व रस्ता देणार दुसरी. ही दरी बुजवण्यासाठी जो उपाय रूढ झाला, तो म्हणजे विकसकाचे हमीपत्र : महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. सोसायटी रहिवाशांच्या ताब्यात गेली की ही हमी कागदावर उरते, टँकरचे बिल सभासदांच्या माथी येते आणि त्या टँकरमधले पाणी कुठल्या विहिरीचे वा कूपनलिकेचे आहे, हे सभासदांना कोणी सांगत नाही. घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्या कुटुंबावर ही वेळ यावी, हे मला अक्षम्य वाटते.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, इमारतींच्या बांधकामाचे नियमन आणि पाणीपुरवठा हे विषय एकत्र दिलेले आहेत, कारण तिन्ही कामे नागरी स्थानिक संस्थेकडे सोपवावीत अशीच 74व्या घटनादुरुस्तीची अपेक्षा आहे. त्यांची फारकत झाली की जबाबदार कोण, या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

त्यातच मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणुकीसाठी जानेवारी 2026 उजाडावे लागले. साथ आली तेव्हा ज्याला गाठून जाब विचारावा असा एकही नगरसेवक शहरात पदावर नव्हता. 2021 मध्ये आलेल्या गावांनी तर ग्रामपंचायत गमावली आणि तिच्या जागी साडेचार वर्षे त्यांना महापालिकेत प्रतिनिधीच मिळाला नाही. ग्रामसभेत सरपंचाला उभे करून प्रश्न विचारण्याची सवय असलेल्या माणसांना आपले गाऱ्हाणे अर्ज क्रमांकाच्या स्वरूपात मांडावे लागले.

म्हणून आपणांस विनंती अशी की, यापुढे राज्यात कोणतेही गाव महापालिकेत घेताना बांधकाम परवानगीचा अधिकार आणि पाण्याची जबाबदारी एकाच संस्थेकडे, त्याच आदेशाने द्यावी. पाण्याच्या हमीपत्रावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहण्याची परवानगी, देण्याची पद्धत बंद करावी आणि आजवर घेतलेली हमीपत्रे इमारतनिहाय प्रसिद्ध करावीत, म्हणजे ती मोडणाऱ्यांवर कारवाईची मागणी रहिवाशांना करता येईल. समाविष्ट गावांपैकी प्रत्येकाला कोणत्या शुद्धीकरण केंद्रातून पाणी मिळते, आणि मिळत नसेल तर ते कोणत्या महिन्यापासून मिळणार, हेही जाहीर व्हावे. राज्यातील महापालिकांसाठी क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातील त्या त्या भागाच्या मतदारांच्या सभांची, तरतूद 2009 मध्येच कायद्यात झालेली आहे. निवडून आलेल्या नगरसेवकांना त्या सभा घेण्यास शासनाने भाग पाडावे, आणि त्यांतील पहिल्या सभा सिंहगड रस्त्यावरील या गावांत पाण्याच्या तपासणी अहवालांसह व्हाव्यात.

शासनाचे उत्तर लेखी आणि सर्वांना वाचता येईल असे यावे, ही अपेक्षा.

आपला,
सिंहगड रस्ता परिसरातील एक रहिवासी, पुणे