टर्बो गाड्यांचा ‘रिमॅप’ : अश्वशक्तीच्या आकड्यासोबत नोंदीही हव्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात लहान टर्बो पेट्रोल इंजिनाच्या गाड्या वाढल्या, तसा ‘रिमॅप’ किंवा ‘स्टेज वन’ या नावाने चालणारा व्यवसायही वाढला आहे. ईसीयूमधील, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील, फाइल बदलून इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ), इंधन आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) यांचे उत्पादकाने ठरवलेले आकडे बदलायचे, असे त्याचे स्वरूप असते. त्याविषयी जे छापून येते त्यात अश्वशक्ती किती वाढली हे ठळकपणे सांगितलेले असते. ती कशाच्या बळावर वाढली, हे क्वचितच असते. नाना पेठेत सव्वीस वर्षे इंजिन दुरुस्तीचे काम करत असल्यामुळे या दुसऱ्या गोष्टीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण फसलेल्या ट्यूनिंगचे पिस्टन शेवटी आमच्याच टेबलावर येतात.

गेल्या एप्रिलमध्ये एका तरुणाची तीन सिलिंडरची, एक लिटर क्षमतेची गाडी आमच्याकडे ओढून आणावी लागली. साताऱ्याकडे जाताना, भर दुपारी, गाडीत पाच माणसे आणि एसी चालू असताना खंबाटकी घाटात तिचा जोर अचानक गेला आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. हेड खोलल्यावर एका पिस्टनचा दोन रिंगांमधला काठ तुटलेला दिसला आणि त्याच सिलिंडरच्या स्पार्क प्लगच्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटलेले आढळले. इंजिन बराच वेळ नॉक करत होते, म्हणजे आतले मिश्रण आपोआप पेटून त्याला हादरे बसत होते, याच्या या खुणा आहेत. चौकशी करता कळले की गाडी रिमॅप केलेली होती आणि तिची फाइल 100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर बनवली होती. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितके पेट्रोल नॉकिंगला जास्त दाद देत नाही. ते पुण्यातही मोजक्याच पंपांवर मिळते. त्या दिवशी महामार्गावरच्या पंपावर साधे, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले 95 ऑक्टेनचे पेट्रोल भरले गेले होते.

एवढ्यावरही इंजिन वाचायला हवे होते. ब्लॉकवरचा नॉक सेन्सर ती थरथर ओळखतो आणि ईसीयू त्या क्षणी टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा देतो. जोर थोडा कमी होतो, पण पिस्टन वाचतो. दुसऱ्या एका जाणकाराने फाइल वाचून पाहिली तेव्हा त्या सेन्सरची संवेदनशीलताच कमी करून ठेवलेली निघाली. टायमिंग मागे जाऊ नये आणि डायनोच्या, म्हणजे अश्वशक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावर आकडा मोठा दिसावा, याखेरीज त्याचे दुसरे कारण मला सुचत नाही. या प्रकाराचा मला आलेला संताप अजून ओसरलेला नाही. इंजिनाचे कान बंद करून त्याला ट्यूनिंग म्हणणे ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या काही अंश आधी ठिणगी द्यावी लागते आणि सिलिंडरमधला सर्वाधिक दाब पिस्टन माथ्यावरून साधारण 15 अंश खाली उतरत असताना यावा, असा हिशेब असतो. 6000 आरपीएमला क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा 36 हजारावा भाग. बूस्ट वाढवला की सिलिंडरमध्ये अधिक हवा भरली जाते, दाब आणि तापमान वाढते, आणि ज्वाला पोहोचण्याआधीच कडेला उरलेले मिश्रण आपणहून पेट घेते, हेच नॉकिंग. म्हणून बूस्ट वाढवताना टायमिंग मागे घ्यावेच लागते. प्रीमियर पद्मिनीच्या काळात आम्ही डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) हाताने फिरवून, कात्रजच्या चढावर गाडी नेऊन, खडखड ऐकू आली की ते किंचित मागे घेत असू. त्या इंजिनाला टर्बो नव्हता, चूक सहन करण्याइतकी जागा होती आणि कानाला आवाज येत होता. आजच्या बंद काचांच्या गाडीत तो बहुधा ऐकूच येत नाही.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. 40 अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबापर्यंत दाबली की ती इंटरकूलरपूर्वीच, म्हणजे ती थंड करणाऱ्या रेडिएटरसारख्या जाळीत शिरण्याआधीच, 130 अंशांच्या पुढे जाते, आणि घाटात कमी वेगाने चढताना इंटरकूलरला समोरून वारा मिळत नाही. सकाळी थंड हवेत, मोठा पंखा लावून काढलेला डायनोचा आकडा दुपारच्या खंबाटकीत लागू पडत नाही. इंधनाचेही तसेच आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, तर 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे 13.5 भाग, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. पूर्ण भारावर इंजेक्टर आणि पंप ते पुरवू शकले नाहीत तर मिश्रण लीन होते, म्हणजे त्यात इंधन कमी पडते, आणि एक्झॉस्टचे तापमान टर्बाइनला सोसवेनासे होते. म्हणून जबाबदार ट्यूनर आधी इंधन नीट बसवतो, टायमिंग मागे ठेवून बूस्ट थोडा थोडा वाढवतो आणि मग एकेका अंशाने टायमिंग पुढे घेतो. टॉर्क वाढायचा थांबला किंवा नॉकची पहिली चाहूल लागली की तिथून मागे येतो. असे काम करणारे लोक पुण्यात आहेत आणि त्यांच्या कौशल्याचा मला आदर आहे.

माझी मागणी साधी आहे. फाइल बदलून देणाऱ्याने गरम इंजिनावर, पूर्ण भारावर घेतलेली नोंद ग्राहकाला द्यावी. तीत प्रत्येक सिलिंडरचे मागे गेलेले टायमिंग, लॅम्ब्डा (हवा आणि इंधनाचे प्रमाण दाखवणारा आकडा), बूस्ट आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान असावे, आणि पेट्रोल कोणते होते हे लिहिलेले असावे. नॉक नियंत्रणाला हात लावला आहे की नाही, हे बिलावर सहीनिशी नमूद करावे आणि मूळ फाइलची प्रत सोबत द्यावी. नोंद द्यायला नकार मिळाला तर ग्राहकाने गाडी तिथून परत आणावी. पीयूसी चाचणी पूर्ण भारावर होत नसल्याने यातले काहीही त्या प्रमाणपत्रावरून कळत नाही.

कायद्याचा भाग वेगळा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. रिमॅपचा विचार करणाऱ्याला पैसे देण्याआधीच हे सांगितले गेले पाहिजे.

आपल्या पुरवणीत यापुढे अशा गाडीची अश्वशक्ती छापताना ती कोणत्या पेट्रोलवर आणि किती अंश तापमानाच्या हवेत मोजली, हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक इंजिन दुरुस्ती व्यावसायिक,
नाना पेठ, पुणे