‘बलवंत’चा ठेवा पावसाळ्याआधी माडीवर नेऊया

सांगलीकर रसिकहो, सप्रेम नमस्कार.

मास्टर दीनानाथांचे नाव सांगलीत कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. त्यांच्या नावाचे नाट्यगृह आपल्या गावात आहे आणि ‘परवशता पाश दैवे’ आजही गायले जाते. पण ‘बलवंत संगीत मंडळी’ या नाटक कंपनीचा संसार ज्यांनी त्यांच्या बरोबरीने ओढला, त्या चिंतामणराव कोल्हटकरांची आठवण ठेवणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांची आणि त्यांच्या कंपनीची कागदपत्रे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रिका वाचवण्यासाठी आमच्या मंडळाने काम हाती घेतले आहे. त्यासाठी हे आवाहन.

दीनानाथ, चिंतामणराव आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी 1918 मध्ये ‘बलवंत’ काढली. राम गणेश गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले. त्यांचे ‘भावबंधन’ त्यांच्या पश्चात याच कंपनीने रंगमंचावर आणले. दीनानाथ लतिका व्हायचे, चिंतामणराव घनश्याम. प्रेक्षक गाण्यासाठी तिकीट काढून आलेला, अशा कंपनीत खलनायकाने बोलण्याच्या बळावर नाटक पेलून धरायचे, ही साधी गोष्ट नव्हती. घनश्याम म्हटले की चिंतामणराव, असे समीकरणच होऊन गेले.

मग बोलपट आला. 1931 मध्ये ‘आलम आरा’, 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. नाटकाची थिएटरे एकामागून एक सिनेमाकडे वळू लागली आणि मोठा बिऱ्हाडबाजार घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांचे कंबरडे मोडले. ‘बलवंत’ने या लाटेपुढे नुसती मान तुकवली नाही. ‘बलवंत पिक्चर्स’ उभी राहिली आणि 1934 मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट आला. दिग्दर्शन चिंतामणराव आणि विश्राम बेडेकर यांचे. पडद्यावर दीनानाथही होते आणि स्वतः चिंतामणरावही.

या उडीचे मोल आज चटकन ध्यानात येत नाही. नाटकात एक पद वन्समोअर घेत घेत हवे तितके लांबायचे. गायक रंगला की साथीदार त्याच्यामागे जायचे आणि घड्याळाकडे कुणी बघायचे नाही. बोलपटात तेच गाणे काही मिनिटांत बसवायचे. पार्श्वगायनाची सोय तेव्हा आपल्याकडे रुळलेली नव्हती. नटाने कॅमेऱ्यासमोरच गायचे आणि माइक, साथीदार चौकटीबाहेर दडवायचे. रंगभूमीवर उभी हयात घातलेल्या माणसाने हे नवे तंत्र उमेदीने शिकून घेतले, म्हणून आम्हाला चिंतामणरावांचा अभिमान वाटतो. चित्रपटाच्या धंद्याने कंपनीला तारले नाही, हे खरे. पण तेवढ्यावरून त्या धडपडीला एका ओळीत गुंडाळणे आम्हाला मान्य नाही. पुढे त्यांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्राला 1958 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कंपनीच्या सुखदुःखांचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडून ठेवला. त्याला जोड देणारी मूळ साधने मात्र घरोघरी विखुरलेली आहेत.

गावभागातल्या एका वाड्यातून नुकतीच एक पद्यावली आमच्याकडे आली. नाटकाच्या रात्री दारात विकायचे ते पदांचे पुस्तक, पातळ कागदाचे, दोऱ्याने शिवलेले. प्रत्येक पदावर राग, ताल आणि चाल छापलेली. कुणा रसिकाने पेन्सिलीने दोन पदांपुढे फुल्या मारल्या आहेत, एकापुढे तीन. खालचा कोपरा 2019 च्या पुरात भिजून पाने चिकटली आहेत, त्यामुळे शेवटची पदे वाचता येत नाहीत. ही पाने घरी ओढून सोडवायचा प्रयत्न कुणी करू नये, कागदाबरोबर छपाईही निघते.

2005, 2019, 2021. कृष्णामाईचे पाणी कुठवर येते हे आपल्याला सांगायला नको. जुने कागद बहुतेक तळघरात, जिन्याखाली किंवा माळ्यावर बोचक्यात असतात. लाखेच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या पाण्याने लगेच बिघडत नाहीत, पण वरची चिठ्ठी सुटते आणि गायक कोण, पद कोणते, हे कळायची वाट बंद होते.

विश्रामबाग भागात दुसऱ्या मजल्यावरची एक खोली एका हितचिंतकांनी बिनभाड्याने दिली आहे. आता हवी आहेत लोखंडी कपाटे, आम्लविरहित कागदाची पाकिटे आणि पुस्तक न दाबता वरून प्रतिमा घेणारा स्कॅनर. तबकड्यांवरचा आवाज उतरवून घेण्यासाठी जाणकार तंत्रज्ञाला मानधनही द्यायचे आहे. सगळा खर्च सुमारे 3 लाख रुपये धरला आहे. शंभर रुपयेही आनंदाने घेऊ. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च वार्षिक सभेत वाचला जाईल. प्राप्तिकराची सवलत देण्याची नोंदणी अजून झालेली नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

पैशापेक्षा मोठी देणगी तुमच्या माळ्यावर असू शकते. हँडबिले, पद्यावल्या, तबकड्या, कंपनीची पत्रे, नटांची छायाचित्रे, ‘कृष्णार्जुन युद्ध’ची जाहिरात, जे असेल ते दाखवायला आणा. मूळ वस्तू द्यायची नसेल तर सक्ती नाही. तुमच्यासमोर प्रत काढून वस्तू त्याच दिवशी परत देऊ. आजोबांनी ‘बलवंत’चे नाटक पाहिल्याची आठवण घरात सांगितली जात असेल, तर तीही ध्वनिमुद्रित करून घ्यायची आहे. वयस्कर मंडळींकडे कार्यकर्ते स्वतः येतील. पेटी-ऑर्गन दुरुस्त करणारे किंवा मोडी वाचणारे कुणी असाल, तर आठवड्यातला एखादा तास आम्हाला द्या.

मंडळाची खोली सोमवार सोडून रोज सायंकाळी 5 ते 8 उघडी असते. मृग लागायच्या आत निदान गावभाग, मारुती चौक आणि हरभट रस्त्याकडच्या घरांतले साहित्य वर हलवायचे आहे, म्हणून तिकडच्या कुटुंबांनी आधी कळवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते, सांगली