साठा करण्याआधी वाच

प्रिय सुहास,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. तब्येत बरी आहे, आप्पाही ठीक. पण ‘ईटीए संपलं, २८२४ चा साठा करतो’ असं तू लिहिलंस, म्हणजे स्वॅच गटाच्या त्या मशीन बनवणाऱ्या कंपनीचं ऑटोमॅटिक घड्याळाचं मशीन, आणि राहवेना.

ईटीए संपलेलं नाही, तिच्यावरची सक्ती संपली. स्विस स्पर्धा आयोगाशी झालेल्या २०१३ च्या समझोत्यानं तिला गटाबाहेरच्या घड्याळवाल्यांना मशीन द्यावंच लागे, पण उतरत्या क्रमानं: २००९-११ मधल्या सरासरी पुरवठ्याच्या तुलनेत सुरुवातीला ७५ टक्के, मग ६५, शेवटी ५५. मुदत २०१९ अखेर. मग तर आयोगानं उलटंच केलं: छोटे उद्योग सोडून बाकी गिऱ्हाइकांना माल द्यायला ईटीएलाच तात्पुरती मनाई केली, सेलिटासारख्या प्रतिस्पर्धी मशीनवाल्यांचे पाय उखडू नयेत म्हणून. २०२० च्या अंतिम निकालात ईटीएवर नवं बंधन घातलं नाही.

सेलिटाचं एसडब्ल्यू २००-१ हे मशीन २८२४ च्याच मापाचं: व्यास २५.६ मिमी, जाडी ४.६. तास, मिनिट, सेकंद काट्यांची भोकं १.५०, ०.९०, ०.२५ मिमी, तुझे काटे नि डायली बसतील. जपायचं ते रॅचेट व्हीलच्या, म्हणजे चावीची स्प्रिंग गुंडाळणाऱ्या चाकाच्या दातांना. चावी देताना रोटरही (हात हलला की आपोआप चावी देणारं वजन) गरगर फिरला तर रिव्हर्सिंग व्हील, म्हणजे रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी चावी एकाच दिशेनं देणारी चाकं, कोरडी झालीत असं समज. तशीच चावी देत राहिलं की दात झिजतात. ती रिव्हर्सिंग व्हील धुऊन ल्युबेटा व्ही १०५ या वंगणात बुडव, नीट वाळव, मगच बसव. वर तेलाचा थेंब सोडू नकोस, आतले क्लिक (छोटे खटके) चिकटतील. २८२४ लाही हेच लागू, तेव्हा तुझा ‘अस्सल ईटीए’चा हेका सोड!

हेअरस्प्रिंगवरून (बॅलन्स चाकाला झुलवणारी केसासारखी स्प्रिंग) मागे तू अबोला धरला होतास, तरी पुन्हा सांगतो: खरी नाडी तिथेच आहे. बॅलन्स, हेअरस्प्रिंग, एस्केपमेंट (घड्याळाची टिकटिक चालवणारे भाग) यांसाठी बहुतेक स्विस घड्याळवाले स्वॅचच्याच निवारॉक्स कंपनीवर अवलंबून, म्हणून २०१३ मध्ये आयोगानं तिथल्या पुरवठ्यातली कपात मान्यच केली नाही. मशीन दुसऱ्याचं मिळतं, हेअरस्प्रिंग इतक्या सहजी मिळत नाही. माझा जीव टांगलाय तो यासाठी.

आणि साठा म्हणशील, तर तेल डबीतही सुकतं. पाच-सात वर्षांनी पॅकबंद मशीनसुद्धा उघडून धुवावंच लागेल. त्यापेक्षा त्याच पैशात मेनस्प्रिंग (चावीची स्प्रिंग), रॅचेट व्हील, रिव्हर्सिंग व्हील आणि दोन-तीन पूर्ण बॅलन्स घेऊन ठेव.

सईची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. साठ्याचे पैसे भरले नसशील तर थांब, आधी मला कळव.

तुझा,
मकरंद