रिकामी डबी पाठवतोय

प्रिय बापू,

'झाकण' न लिहिता बापू लिहिलंय, बघितलंस ना? कारण कळेल पुढे. आठ महिन्यांत तुझे तीन मेसेज आले आणि मी तिन्हींना नुसता अंगठा दाखवला. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढचं वाच. माझी तब्येत ठीक. रक्तदाबाची गोळी चालू आहे, कंबर धरते आणि सोडते. संपलं तब्येतीचं.

तर झालं असं की तीन आठवड्यांपूर्वी चिमीबरोबर एका रात्रीच्या मुक्कामाला गेलो. दिवसभर कोरडं होतं, संध्याकाळी पाऊस लागला. तंबूच्या दाराशी आडोशाला सरपण रचलं, आत वाळक्या साली घातल्या, आणि मी ऐटीत सॅकच्या वरच्या कप्प्यातून ती डबी काढली. तीच. कॅमेऱ्याच्या रोलची, काळी, करड्या झाकणाची. दोन वर्षं हवा लागू दिली नव्हती तिला. आत बावीस काड्या, पेटीची कापलेली पट्टी, आणि खडखडू नये म्हणून वर कापसाचा बोळा. चिमीला म्हटलं, बघ, याला म्हणतात तयारी.

पहिली काडी ओढली तर गुल पट्टीवर पसरला, टूथपेस्टसारखा. दुसरीचा तुकडा उडाला. तिसरीला जरा जोर लावला तर पट्टीवरचा तपकिरी थरच सोलून आला. सातव्या काडीला चिमी म्हणाली, "बाबा, यातली एखादी शेवटची कधी ओढून बघितली होतीस?" मी म्हटलं, ओढून बघायच्या असत्या तर जपून कशाला ठेवल्या असत्या? बोलता बोलताच आपण काय बोलतोय ते कळलं.

मग तिनं खिशातून प्लॅस्टिकची चेनवाली पिशवी काढली. त्यात पाच काड्या आणि स्वतंत्र गुंडाळलेली पट्टी. तळहात केसांना पुसून कोरडे केले, गुलाच्या अगदी जवळ बोट धरून काडी ओढली, दुसरीला पेटली. ही अक्कल कुठून आली म्हणून विचारलं तर म्हणते, "बापूकाकानं शिकवलं होतं, मी दहा वर्षांची असताना. तू तेव्हा झोपला होतास." मी तेव्हा झोपलेला असणार यात काही नवल नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तिच्याकडे यायला मला तीन आठवडे लागलेत, तुला दोन पानं तर सोसावी लागतीलच.

त्या रात्री शेकत बसलो होतो तेव्हा डबीचं झाकण हातात होतं. आतल्या बाजूला बारीक थेंब. झाकण घट्ट होतं, टप्प असा आवाज करून निघालं होतं, मग पाणी आलं कुठून? घरी येऊन मी वेड्यासारखा हिशेब मांडत बसलो. डबीतली हवा म्हणजे तीसेक मिलिलिटर. ती कितीही दमट असली तरी तिच्यात पाणी मावणार एखादा मिलिग्रॅम. तेवढ्यानं मुंगीसुद्धा भिजायची नाही. पण काड्या लाकडाच्या. लाकूड हवेतला ओलावा पीत राहतं. कोरड्या दिवसांत त्यात आठ-दहा टक्के पाणी असतं, पावसाळी दमट हवेत वीसच्या आसपास जातं. बावीस काड्यांचं वजन धर दोनेक ग्रॅम. म्हणजे सादळलेल्या काड्या भरल्या की डबीत चार-पाच थेंब जास्तीचं पाणी आपणच कोंबलेलं असतं, वर पट्टीचा पुठ्ठा आणि कापूस आहेतच. रात्री गारठा पडला की त्यातलं थोडं झाकणाला दिसतं, बाकीचं गुलातला सरस मऊ करतं. हवाबंद डबी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही हे आपल्याला माहीत होतं. ती आतलंही बाहेर जाऊ देत नाही, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं.

आणि ही डबी मी भरली होती पावसाळ्यात. काडेपेटी आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलेली, शेजारी भांड्याची वाफ. हे आठवलं तेव्हा आणखी एक आठवलं.

बापू, ती एकोणीस वर्षांपूर्वीची रात्र. लंबूला ताप, तिघांचे दात वाजतायत, आणि याच डबीतली एक काडी पेटेना. मी ओरडलो होतो, "याने झाकण उघडं ठेवलं!" कारण संध्याकाळी डबी शेवटची तुझ्या हातात होती. लंबू तापातसुद्धा हसला आणि तुझं नाव पडलं. तुझ्या लग्नात मी माइकवरून सांगितलं ते. वहिनी अजून तुला त्या नावानं चिडवते. तुझ्या पोरालाही ठाऊक आहे.

ते झाकण मी दातांनी उघडलं होतं. बोटं बधिर झाली होती म्हणून. उघडं राहिलेलं झाकण दातांनी उघडावं लागत नाही, बापू. आणि आदल्या संध्याकाळी डबी भरली कुणी? मी. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तू म्हणत होतास, "अरे, नवी पेटी घे, ही सादळलीय." मी म्हटलं होतं, डबीत गेल्यावर काय होतंय.

एक गोष्ट मला छळतेय. तू त्या रात्री बॅटरी लावून झाकण आतून बघितलं होतंस. मला नीट दिसतंय ते, तू अंगठ्यानं आतली ओल पुसलीस आणि झाकण परत लावलंस. तुला तेव्हाच कळलं होतं ना? मग बोलला का नाहीस? लंबू आजारी होता म्हणून त्या रात्री नाही, हे समजू शकतो. पण नंतर एकोणीस वर्षं? काडेपेटीवरून तू माझ्याशी कमी भांडलायस का? कुठेही घासली तरी पेटणाऱ्या काड्या घेऊ म्हणून तू हटून बसला होतास, आणि मी म्हणत होतो की पत्र्याच्या डब्यात त्यांचे गुल एकमेकांवर घासले तर सॅकच पेटेल. तू म्हणालास, पट्टी भिजली की तुझ्या सेफ्टी काड्या म्हणजे दात कोरायच्या काड्या. मग लंबूनं मध्ये तोंड घालून स्वीडनचा तो पाश काढला, १८४४ सालचा, त्यानं फॉस्फरस गुलातून काढून पट्टीवर कसा नेला वगैरे, आणि आपण दोघंही त्याच्यावर उलटलो. तास गेला होता त्यात. एवढ्या क्षुल्लक गोष्टीला तू तास देतोस, आणि जिथं तू शंभर टक्के बरोबर होतास तिथं गप्प?

(पट्टीबद्दल मात्र तू खरा होतास. लाल फॉस्फरस पट्टीवर, पोटॅशियम क्लोरेट गुलात. एक गेलं की दुसरं कुचकामी. आता दोन पट्ट्या ठेवतो, काड्यांपासून वेगळ्या गुंडाळून.)

मेणाच्या काड्यांवरूनही मी तुझी टर उडवली होती. वहिनीचं नेलपॉलिश संपवून तू गुल रंगवलेस तेव्हा तर जास्तच. परवा मी स्वतः मेण लावायला बसलो. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात मेण वितळवलं, थेट आचेवर नाही, तेवढी अक्कल आहे. पूर्ण काडी बुडवली, कारण गुल झाकला तरी उघडं लाकूड खालून पाणी ओढतं. पण त्याआधी दोन दिवस कोरड्या उन्हाच्या खोलीत काड्या कागदावर पसरून ठेवल्या. ओल्या काडीला मेण लावणं म्हणजे पुन्हा तीच डबी, फक्त प्रत्येक काडीला वेगळी. ओढण्याआधी नखानं मेण खरवडावं लागतं, नाहीतर पट्टी बुळबुळीत होते. त्या रात्रीच्या उरलेल्या पंधराही वाळवून बघितल्या. चार पेटल्या, त्याही कुरकुरत. त्या नुसत्या सादळल्या होत्या म्हणून तेवढं तरी. पाण्यात पडलेल्या काड्या तर वाळवूच नयेत, क्लोरेट पाण्यात विरघळून जातं आणि वाळल्यावर दिसायला काडी तशीच राहते. बुटांच्या खोक्यातली ती सिलिकाची पुडीही डबीत टाकणार होतो. मग लक्षात आलं की ती महिनाभर उघड्यावर पडून पोट भरून बसली असणार, आधी तीच तापवून कोरडी करायला हवी.

ही सगळी खटपट चिमीसाठी. पुढच्या महिन्यात ती आठ जणींना घेऊन निघालीय, मी नाही, कुणी मोठं नाही. काड्या तीन ठिकाणी वाटून ठेवायला सांगितलं, निघण्याआधी प्रत्येक डबीतली एक ओढून बघायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हे मला माहीत आहे." तुझ्यामुळे माहीत आहे. मला झोप लागत नाही ती पोरीच्या काळजीनं की तुझ्या, हे अजून ठरलेलं नाही. लंबूला फोन करून सगळं सांगितलं. तो हसत सुटला आणि म्हणाला, आता तुझं नाव काय ठेवायचं? मी म्हटलं, बापूला ठरवू दे.

अरे, तुझं राहिलंच. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं असं वहिनीनं सांगितलं, काठी सुटली का? पोराच्या नोकरीचं ऐकून बरं वाटलं. घर विकायचं म्हणतोस ते नक्की का? लिही. आणि विमानानं आलास तर मेणाच्या काड्या बॅगेत टाकून आणू नकोस, सामानात चालत नाहीत.

टपालानंही चालत नाहीत, म्हणून सोबत डबी रिकामीच पाठवतोय. झाकणाची कड बघ, डावीकडे. दाताचे दोन व्रण आहेत. एकोणीस वर्षं तिथंच होते आणि मी दर वेळी त्यावरच अंगठा ठेवून झाकण लावत होतो. वहिनीला दाखव. पोरालाही.

तुझा,
पक्या

ता. क. 'झाकण' हे नाव मी घ्यायला तयार आहे, पण माइकवरून सांगणार नाही.